ड्रमावरचा फोन

मार्च निम्मा सरला की आमच्या गल्लीत ड्रम बाहेर येतात. निळे, पिवळे, आणि एके काळी पांढरे असलेले. दोन ड्रमांमधून साखळी ओवून कुलूप लावतात. रिकाम्या ड्रमाला कुलूप लावणारी माणसं मी आमच्या गल्लीशिवाय कुठं पाहिली नाहीत. दुपारी तापलेल्या प्लास्टिकचा वास सुटतो, जरासा जळका, जरासा औषधासारखा. तो वास आला की उन्हाळा लागला हे कुणी सांगावं लागत नाही. यंदाही आला. नळाची लाइन आता दारापर्यंत आलेली आहे, तोटी बसवलेली आहे. तिच्यावर चिमणी बसते.

त्याच आठवड्यात माझी नात तेजू लॅपटॉप मांडीवर घेऊन म्हणाली, "आजी, तुझा फोन दे गं. माझं नेट संपलं. हॉटस्पॉट लावते."

मी फोन दिला. तिनं दोनदा बोट फिरवलं, फोन खाटेवर टाकला आणि कामाला लागली. तिची बारावी झाली, आता कसले कसले फॉर्म भरायचे आहेत. तेवढ्यात माझ्या बहिणीचा फोन आला. मी उचलला नाही. तेजूकडं बघत राहिले.

"उचल की. मावशीआजीचा आहे."

"तुझं नेट जाईल."

"कशानं?"

तिला माझं बोलणं कळलंच नाही. आता फोन आला तरी नेट जात नाही. एके काळी जायचं, हे तिला ठाऊक नाही. बरं आहे. मला ठाऊक आहे.

आम्ही करमाडच्या बाजूचे, मेंढरंवाले. माझा नवरा ज्या माळावर मेंढरं चारायचा तिथं कंपन्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. भिंतीला लागून रस्ता आला, रस्त्याला लागून प्लॉट पडले. मेंढरं विकली. नवरा त्यानंतर फार जगला नाही. मुलगा कंपनीत लागला आणि शहराच्या कडेला आम्ही एक प्लॉट घेऊन दोन पत्र्याच्या खोल्या टाकल्या. मुलगा जालना रोडवर मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याच्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. मी ज्या उन्हाळ्याबद्दल लिहिते आहे, तेव्हा त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात मी, सून छाया आणि आठ वर्षांची तेजू.

लागोपाठ पाऊस चुकलेला होता. पहिल्या वर्षी लोक आभाळाकडं बघतात, दुसऱ्या वर्षी एकमेकांकडं. तिसऱ्या वर्षी कुणीच कुणाकडं बघत नाही, सगळे रस्त्याकडं बघतात, टँकर येतो का म्हणून. आमच्या समोरच्या रिकाम्या जागेत तेव्हा नव्या फ्लॅटची पाटी लागली होती. पाटीवर निळ्या पाण्याचा हौद आणि त्यात पोहणारी दोन गोरी पोरं. आम्ही त्या पाटीच्या सावलीत रांग लावायचो. सावली चांगली पडायची, पाटी मोठी होती.

टँकर हमीदभाई आणायचे. तेव्हा सगळी गल्ली मिस कॉलवर बोलायची. त्यांच्याकडं आमच्या गल्लीतला एकच नंबर होता, माझा. त्यांची एक रिंग आली की टँकर भरायला लागला. दुसरी आली की टँकर मोठ्या रस्त्याच्या वळणावर उभा आहे. दुसऱ्या रिंगनंतर मी उलटी रिंग द्यायची, म्हणजे रस्ता मोकळा आहे, बाया तयार आहेत, या. माझी रिंग गेली नाही तर ते टँकर पुढच्या वस्तीत न्यायचे. ते पहिल्याच दिवशी बोलले होते, "अम्मा, तुम रिंग नै मारे तो मैं आगे जातूँ. पिच्छू मेरे कू बोलना नै." चाळीस घरांचं पाणी माझ्या बोटावर होतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. नवरा गेल्यापासून मला कुणी काही विचारत नव्हतं. आता बाया दारात येऊन विचारायच्या, "आजी, आली का रिंग?"

छाया तेव्हा एका शिक्षिका बाईंकडं स्वयंपाकाला जायची. त्या बाईंनी आपला जुना लॅपटॉप तिला दिला. त्याची बॅटरी मेलेली होती. प्लग काढला की तोही मरायचा. तीन बटणं निघालेली, तिथं नुसते खड्डे. तो घेऊन ती घरी आली तेव्हा मी म्हणाले, "हे भंगार कशाला आणलंस?" ती म्हणाली, "आत्या, यात नेट घेता येतंय, फोनमधून." मला वाटलं, बोळ्यानं दूध पाजावं तसं काही असेल.

आधी तिनं वायरनं जोडून पाहिलं. पण आमच्या खोलीत पत्र्याखाली रेंज यायची नाही. रेंज दारातल्या ड्रमावर, आणि प्लग आतल्या भिंतीत. वायर मधेच संपायची. मग तिनं कुणाला तरी विचारलं आणि वायरीशिवाय जोडायचं शिकली. माझा फोन बाहेर ड्रमावर, लॅपटॉप आत प्लगजवळ, आणि मधून काहीच नाही. मला ते बघून माझं लहानपण आठवलं. सकाळी चूल पेटवायला काडेपेटी नसली की शेजारणीकडून गोवरीवर विस्तव आणायचो. तिची चूल तिच्या घरात, आपली आपल्या घरात, आणि आग तीच. शेजारणीचं काही कमी व्हायचं नाही. मी छायाला तसं सांगितलं तर ती हसली. त्या वर्षी ती हसलेली मला दोन-तीनदाच आठवते, त्यातलं हे एक.

फोन मात्र तापायचा. भर उन्हात ड्रमावर ठेवला की हात लावता यायचा नाही, आणि जास्त तापला की आपोआप बंद पडायचा. म्हणून मी पाट टाकून ड्रमाशेजारी बसायची आणि फोनवर पदराची सावली धरायची. बाया हसायच्या. शेजारची कमल म्हणायची, "आजी, त्याला कडेवर घ्या की. दूध बी पाजा." मी म्हणायची, "तुझ्या पोरापरीस शहाणा हाय. रडत तरी नाय." सावली धरायचं काम माझं, लिहायचं काम छायाचं. आणि मधेच फोन आला की, नुसती रिंग वाजली तरी, आत लॅपटॉपवरचं नेट तुटायचं. छायाचा "अगं आई" असा आवाज यायचा. मग परत जोडा, परत थांबा.

ती बारावी शिकलेली होती. तिला नर्सिंगच्या सरकारी कोर्सला फॉर्म भरायचा होता, सुईणीचं आणि गावोगावच्या दवाखान्याचं काम शिकवतात त्याला. कोर्स झाला की नोकरी. त्याला वयाची अट असते. छायाचं ते शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी ती अटीच्या बाहेर जाणार होती. हे तिनं मला दोन वेळा नीट समजावून सांगितलं होतं, म्हणजे मला ते समजलं नव्हतं असं मी आज म्हणू शकत नाही.

मला बाकीचंही समजत होतं. कोर्स म्हणजे होस्टेल. नोकरी म्हणजे बदली, आज सोयगाव, उद्या आणखी कुठं. तेजू तिच्याबरोबर जाणार. मी या पत्र्यात एकटी, दोन ड्रम घेऊन. कुणी म्हणेल, सून तुला घेऊन गेली असती. कदाचित. पण कमावती झाल्यावर कशावरून? तिच्या माहेरची माणसं तिचं दुसरं लग्न लावायच्या गोष्टी करत होती. मी रोज ड्रमाशेजारी बसून फोनवर सावली धरायची, आणि रोज मनात हे घोळवायची. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात, लाकडाचा ओंडका, म्हणजे ते पळालं की ओंडका पायात येतो. छाया ओढाळ नव्हती.

फॉर्मची शेवटची तारीख आली. मुदत संध्याकाळी सहापर्यंत होती. आधीचे दोन दिवस ती नेट कॅफेत बसून आली होती, गर्दीत साइटच चालत नव्हती. सही आणि फोटो तेवढे तिथं काढून पेनड्राइव्हमध्ये आणले होते. शेवटच्या दिवशी तिनं बाईंकडून सुट्टी घेतली. सकाळी भाकरी करता करता ती म्हणाली,

"आत्या, हमीदभाईला एक फोन करून सांगता का? आज रिंग मारू नका म्हणावं. कमलला वळणावर उभी करू. टँकर दिसला की ती हाळी देईल."

"सांगते की."

"नक्की सांगा बरं. रिंग आली की समदं पहिल्यापासून भरावं लागतंय."

"सांगते म्हणलं ना. कितीदा?"

मी सांगितलं नाही. विसरले असं नाही. फोन दिवसभर माझ्या हातात होता. हमीदभाईंचा नंबर सगळ्यात वर होता. कमल दोनदा दारावरून गेली. मी तिला म्हणाले, आज ऊन लई हाय. एवढंच म्हणाले.

ती दुपार मला अजून अंगावर जाणवते. पत्रा कडकड वाजत होता, तापला की वाजतो. ड्रमांच्या सावल्या आखडून ड्रमांखाली गेल्या होत्या. कुत्रं गटाराच्या कोरड्या खळग्यात पोट टेकून पडलेलं. समोरच्या पाटीवरची गोरी पोरं पोहत होती. आतून बटणांचा टकटक आवाज येत होता, मधेच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. मी पदर धरून बसले होते. हात दुखला की हात बदलायची. सावली मी इमानेइतबारे धरली. माणूस किती विचित्र असतं, मी एकीकडून तिच्यासाठी फोन थंड ठेवत होते.

पाचच्या सुमाराला पहिली रिंग आली. टँकर भरायला लागला. आतला आवाज थांबला.

"आत्या, सांगितलं नव्हतं का त्यांना?"

"सांगितलेलं. इसरला असंल."

तिनं पहिल्यापासून भरायला घेतलं. नाव, बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, मार्क, जात. ती प्रत्येक गोष्ट तोंडानं पुटपुटत भरायची, त्यामुळं बाहेर मला कळत होतं ती कुठवर आली. सही चढली. मग म्हणाली, "आता फोटो राहिला. आत्या, फोटो चढतोय, फोनला हात नका लावू."

तेव्हा दुसरी रिंग आली. एकदाच वाजून थांबली. हमीदभाई वळणावर.

वळण आमच्या दारापासून जवळ आहे. मी फोन ड्रमावर सोडून चालत गेले असते तर हात करून टँकर आत घेता आला असता. माझे पाय तेव्हा चांगले होते. कमलला हाक मारली असती तर ती पळत गेली असती. नेट तर त्या रिंगनं तुटलंच होतं, पण ते अर्ध्या मिनिटात परत येत होतं, आत छायानं जोडायलाही घेतलं होतं. मी फोन उचलला आणि उलटी रिंग दिली. एक पूर्ण, आणि लागली की नाही म्हणून आणखी एक.

टँकर आला. बाया धावल्या. पाइप टाकताना नेहमीची मारामारी झाली, कुणाचं तरी घमेलं चेपलं. पाण्याला गंजाचा आणि डिझेलचा वास होता, तरी पोरं त्याखाली डोकं धरत होती. हमीदभाई खिडकीतून म्हणाले, "अम्मा की रिंग आई इसलिये आया मैं, नै तो उधरवाले बुला रै थे." कमल म्हणाली, "आजी हाय म्हणून पाणी हाय बायांनो." मी मान हलवली.

आत नेट आलं होतं, पण साइट उघडेना. फिरणारं चक्र फिरत राहिलं. सहा वाजून गेल्यावर छायानं लॅपटॉप मिटला, बाहेर आली आणि पाइप हातात घेतला. आधी माझा ड्रम भरला, मग आमचा दुसरा. तिच्या चेहऱ्याकडं मी बघितलं नाही, पाण्याच्या धारेकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "नशिबात नव्हतं." ती नशिबाला बोलत होती आणि नशीब तिच्या समोर बसून लसूण सोलत होतं.

दुष्काळावर ढकलणं सोपं आहे. मीही पुष्कळ दिवस ढकललं. चाळीस घरं तहानलेली होती, मी काय करणार, असं मनाला सांगायची. दुष्काळानं माणसं हलकी होतात हे खरं आहे. मी सख्ख्या जावांना एका कळशीवरून एकमेकींचे केस ओढताना पाहिलं आहे. पण त्या दिवशी पाणी एका बाजूला आणि छाया दुसऱ्या बाजूला, असं नव्हतंच. वळणावर एक माणूस उभा केला असता तर दोन्ही झालं असतं. पाण्याचं मी निमित्त केलं.

पुढं छाया एका दवाखान्यात लागली. नर्स म्हणून नाही, मावशी म्हणून. फरशी पुसायची, पेशंटचं भांडं उचलायचं, मेलेल्याला पुसून चादर गुंडाळायची. निळी साडी, ओळखपत्र गळ्यात. शहर आमच्या अंगावरून पुढं गेलं. समोरच्या पाटीच्या जागी खरंच फ्लॅट उभे राहिले, त्यांनाही टँकरच लागतो. आमच्या पत्र्यावर स्लॅब आला, तो छायाच्या पगारातून. तिनं दुसरं लग्न केलं नाही, मला कधी उलट बोलली नाही, माझ्या गुडघ्यांना तेल लावते. मला जे हवं होतं ते सगळं मला मिळालं. असं मिळालेलं रोज ताटात येतं आणि रोज गिळावं लागतं.

एक गोष्ट मी धरून चालले नव्हते. त्या दिवसापासून छाया हमीदभाईंशी बोलली नाही. दहा वर्षांत एक शब्द नाही. टँकर आला की ती दाराआड जायची. यंदा पहिला टँकर आला तेव्हा त्यांचे केस पूर्ण पांढरे झालेले दिसले. पायरीवरून उतरताना त्यांनी दाराला धरलं. पाइप सोडून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "अम्मा, बहू मेरे से बात नै करती. मेरे से क्या गलती हुई, पूछके बताओ ना."

मी म्हणाले, "पूछती."

आणि त्याच आठवड्यात छाया तेजूला शिकवत होती. "फॉर्म शेवटच्या दिवसावर नको ठेवू. माझा राहिला तो त्या टँकरवाल्यामुळं. आत्यांनी सांगितलेलं तरी रिंग मारली त्यानं." तेजूनं मान डोलावली. तेजू आता हे तिच्या पोरांना सांगणार.

रविवारी दुपारी तेजू मैत्रिणीकडं गेली होती. छाया ड्युटीच्या साड्यांना इस्त्री करत होती. मी खाटेवर बसले होते. आडवळणानं बोलणं मला जमत नाही.

"मी हमीदभाईला सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

"कधी? काय?"

"त्या दिशी. फॉर्मच्या. रिंग मारू नको म्हणून तू सांगायला लावलेलं. मी फोनच केला नाय. कमललाबी बोलले नाय."

तिनं इस्त्री उभी केली. मग भिंतीतला प्लग काढला. साडीची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"इसरलात?"

"नाय."

"मग?"

"तू गेली असतीस."

बाहेर कुणी तरी ड्रम घरंगळत नेत होतं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि तिनं मला अगं-तुगं केलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"मला शीर सापडते," ती म्हणाली. "कळतंय का तुला? म्हाताऱ्या माणसाची शीर, नव्या सिस्टरला सापडत नाय, मी लांबून बघून सांगते, इथं टोच. तिथं असती. मला सुई धरायची परवानगी नाय. दहा वर्षं मी भांडं धरून उभी ऱ्हाते आन बघते. माझ्या तेजूएवढ्या पोरी मला म्हणतात, मावशी, सरका."

तिनं कपाळावरचा घाम पुसला.

"आन त्या माणसाला मी दहा वर्षं शिव्या दिल्या. मनात. त्याचं पाणी पिऊन."

तिचा आवाज चढत गेला. शेजारी खिडकी उघडल्याचा आवाज आला. मी आमची खिडकी लावून घेतली नाही. तिच्या नवऱ्याचं काढलं तिनं, म्हणजे माझ्या मुलाचं. तेराव्याला मी काय बोलले होते ते काढलं. मला आठवतही नव्हतं, पण मी बोलले असणार. मी तोंड खाली घातलं नाही. तिच्याकडं बघत राहिले. तिला दम लागला. ओठ कोरडे पडले होते. मी तांब्या पुढं केला, तिनं तो हातानं बाजूला सारला.

"ऐकतीस ना?" ती म्हणाली.

"ऐकते," मी म्हणाले. "बोल."